आजोबांचा घोडा

आमच्या रँचवर आलात तर आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर तुम्हाला माझे आजोबा दिसतील. पांढऱ्या घोड्यावर बसलेले, डोक्याला लाल पटका, मिशा वर वळवलेल्या, मागे डोंगरांच्या रांगा. पुण्याच्या कुठल्याशा चित्रकाराकडून माझ्या भावाने ते चित्र काढून घेतलं. खाली लिहिलंय की या डोंगरावर घोडी पाळण्याची परंपरा त्यांनी सुरू केली. माझे आजोबा आयुष्यात कधी घोड्यावर बसले नाहीत. एकदा घोडीने त्यांच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता. तेव्हापासून घोडं दिसलं की ते दोन मेंढ्या मधे घेऊन चालायचे. मिशाही त्यांना कधी वळवता आल्या नाहीत, कारण त्या मुळातच विरळ होत्या.

राहायला येणाऱ्या पाहुण्यांना हे कोणी सांगत नाही. मी सांगितलं असतं, पण मला कोणी विचारत नाही. मी मालकाची लग्न होऊन गेलेली बहीण. दिवाळीत आणि मे महिन्यात गर्दी असली की कुंडलजवळच्या माझ्या सासरहून एसटीने येते, स्वयंपाकघरात उभी राहते आणि गर्दी ओसरली की परत जाते. पाहुण्यांना वाटतं मी स्वयंपाकीण आहे. भाऊही त्यांचा गैरसमज दूर करायची फार घाई करत नाही.

खरी हकिगत वेगळी आहे. आम्ही माण तालुक्याकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की तिकडचा चारा संपायचा, मग कळप घेऊन पश्चिमेला यायचं, कोयनेच्या वरच्या डोंगरांपर्यंत, आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा माणला. आमच्यात कामाची वाटणी ठरलेली होती. पुरुष मेंढ्यांबरोबर, बाया बिऱ्हाडाबरोबर. बिऱ्हाड म्हणजे भांडी, घोंगडी, धान्य, डालग्यातल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि चालता न येणारी पोरं. हे सगळं घोड्याच्या पाठीवर बांधायचं, आणि ते घोडं बाईच्या ताब्यात. लादायचं तिने, उतरवायचं तिने, खुरातला खडा काढायचा तिने. मुक्कामाची जागाही बहुतेक वेळा तीच ठरवायची, कारण चूल तिला मांडायची असायची. एखाद्या पुरुषाने घोड्याचा दोर धरला तर बाकीचे त्याला हसायचे. "का रं गड्या, बायकू आजारी हाय व्हय?" असं विचारायचे.

आमची घोडी आईची होती, तिच्या माहेरची. तपकिरी, बुटकी, पोट सुटलेली आणि स्वभावाने वाईट. आजोबांना चावली ती हीच. आईशिवाय ती कोणाचं ऐकायची नाही आणि आईचंही तिच्या मनात आलं तरच.

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ माळावर, पवनचक्क्या आल्या तेव्हा मी दहा-बारा वर्षांची असेन. चक्क्यांसाठी रस्ता झाला, रस्त्यावरून गाड्या आल्या. लोक पवनचक्कीखाली उभं राहून फोटो काढायचे, डब्यातलं खायचे आणि जायचे. एका रविवारी आम्ही मुक्काम हलवत होतो. वडील आणि चुलते कळप घेऊन पुढे गेले होते. आई, मी, लहान भाऊ आणि लादलेली घोडी मागून चाललो होतो. एक गाडी थांबली, जीन्स घातलेली एक बाई उतरली आणि म्हणाली, मला तुमच्या घोड्यावर बसायचंय.

दुसरी कुठलीही शहाणी बाई म्हणाली असती की अहो, घोडं लादलेलं आहे, दिसत नाही का? आईने रस्त्याच्या कडेला सगळं बिऱ्हाड उतरवलं. भांडी, घोंगडी, पिठाचा डबा, कोंबड्या, सगळं. भाऊ डालग्याशेजारी बसून भोकाड पसरून रडायला लागला. आईचं म्हणणं असं की बाईमाणसाने वाटेत काही मागितलं तर नाही म्हणू नये. तिने घोंगड्याची घडी घोडीच्या पाठीवर टाकली, त्या बाईला वर बसवलं आणि पवनचक्कीपर्यंत फिरवून आणलं. बाई वर बसून खिदळत होती. मग तिच्याबरोबरची माणसं एकेक करून बसली. घोडी त्या दिवशी कोणाला चावली नाही, याचं आईला नंतर बरेच दिवस नवल वाटत होतं. उन्हं कलल्यावर वडील आम्हाला शोधत उलटे आले, ते शिव्या देतच.

पुढच्या रविवारी तीच बाई आणखी दोन गाड्या घेऊन हजर. आमच्या रँचचा इतिहास म्हणाल तर तो असा सुरू झाला, धुळीत उतरवलेल्या पिठाच्या डब्यापाशी. आजोबा त्या दिवशी माणला होते, घराच्या ओट्यावर विडी ओढत.

सड्याच्या कडेची ती खडकाळ जागा आईनेच वडिलांच्या मागे लागून घ्यायला लावली. ज्या शेतकऱ्याच्या रानात आम्ही दरवर्षी खतासाठी मेंढ्या बसवायचो त्याचीच ती जागा. तिथे कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं, म्हणून तो द्यायला तयार झाला. कळप थोडा थोडा करून विकला गेला. आधी पत्र्याची टपरी होती, चहा आणि घोडीवरून एक फेरी. मग घोडीला शिंगरू झालं, मग दुसरी घोडी आली. मग पाहुणे मुक्कामाला राहू का म्हणायला लागले, म्हणून दोन खोल्या बांधल्या. आई उजाडायच्या आत घोड्यांचं आवरायची आणि मग चुलीपाशी बसायची. गाडीतून उतरणाऱ्या माणसाकडे ती एकदाच बघायची आणि मला सांगायची, "ह्येला म्हातारी घोडी द्या. भितोय त्यो. निस्तं हसून दावतोय." तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही.

मी शाळा सोडून तिच्या हाताखाली आले. भाऊ शिकला, मी भाकरी थापल्या. यात जगावेगळं काही नाही, आमच्या आसपासच्या सगळ्याच घरांत असं झालं. पण सगळ्यांच्या घरात झालं म्हणून मला राग येऊ नये असं कुठे आहे? मला येतो. भाकरी थापताना यायचा, अजून येतो.

पहिलं खोटं वडील बोलले. एक पाहुणा चहा पिता पिता म्हणाला, वा, छान आहेत घोडी, कोणाची? वडील पटकन म्हणाले, "आमच्या वडलांची. त्यास्नी लय नाद घोड्यांचा." मी तिथेच कपबशा विसळत होते. मला वाटलं आई आता काहीतरी बोलेल. आईने गाळणी झटकली आणि दुसरा चहा गाळायला घेतला. वडिलांचा कळप गेला होता. हातात काठी होती, पण पुढे हाकायला काही नव्हतं. बायकोच्या घोडीवर घर चाललंय हे त्यांना चारचौघांत कसं सांगवलं असतं? आईला त्यांची कीव आली, म्हणून ती गप्प बसली. हे मला आज कळतं. पण कीव करायलाही काही हद्द असावी, असं माझं मत आहे.

ते खोटं मग दरवर्षी वाढत गेलं. आधी आजोबांना नाद होता. मग आजोबांकडे दहा घोडी होती. मग आजोबांचे आजोबा कुठल्याशा सरदाराच्या पागेत होते. पाहुणे मान डोलवायचे, डोळे मोठे करायचे आणि पिठलं पुन्हा वाढून घ्यायचे. वडील शेवटी शेवटी स्वतःच ते खरं मानायला लागले होते. ते गेले तेव्हा मी सासरी होते. दहाव्याला पाहुण्यांपैकी एक जण आला होता. तो सगळ्यांना सांगत होता, केवढ्या घरंदाज घोडेस्वारांचा वंशज गेला.

भाऊ पुण्याहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आला आणि त्याने पाटीवर रँच असं लिहून घेतलं. तो आळशी आहे असं मी म्हणणार नाही. राबतो. तंबू आले, पोहायचा हौद आला, चिखलात चालवायच्या जाड टायरच्या गाड्या आल्या. घोडी चारच उरलीत, फोटोपुरती. आणि फोटोसाठीच त्याने आईला हिरवंगार नऊवारी लुगडं आणलं, गळ्यात घालायला खोट्या पुतळ्यांची माळ आणली. आई जन्मभर नऊवारीच नेसली, पण तिची लुगडी सुती, विटलेली, ओच्यात शेंगा नाही तर घोड्यासाठी गुळाचा खडा. आता ती सकाळी आंघोळ करून ते हिरवं नेसते आणि दारापाशी खुर्चीवर बसते. पाहुणे तिच्या पाया पडतात, फोटो काढतात आणि विचारतात, आजी, ती लसणाची चटणी मिळेल का? तिचे गुडघे गेलेत, त्यामुळे घोड्यांपर्यंत तिला चालवत नाही.

यंदा दिवाळीला मी गेले तेव्हा भावाने नवीन दालन उघडायचं ठरवलं होतं. आमच्या घराण्याचा इतिहास, भिंतभर फोटो आणि संध्याकाळी शेकोटीपाशी कार्यक्रम. त्याने मला हौसेने सगळं फिरून दाखवलं. आजोबांचं ते चित्र, कुठून तरी आणलेली जुनी तलवार, काचेत ठेवलेलं खोगीर. आमच्या घोडीने जन्मात खोगीर पाहिलं नव्हतं.

"ह्यात आय कुठाय?" मी विचारलं.

"हाय की आक्का. त्यो बघ, चुलीपाशी."

शेवटच्या कोपऱ्यात आईचा फोटो होता. हिरवं लुगडं, हातात भाकरी.

"आन घोडी कुणाची हुती, ते?"

तो हसला. वाईट हसला नाही, लाडानेच हसला. "आक्का, पावण्यांना गोष्ट लागती. मिशीवाला माणूस, घोडा, डोंगर. आयनं रस्त्यात पिठाचा डबा उतरवला, ह्येची काय गोष्ट हुती व्हय?"

मी त्याला पुष्कळ बोलले. तो ऐकत होता आणि मधे मधे फोन बघत होता. शेवटी म्हणाला, "आयला ईचार. तिचं काय म्हणणं न्हाई. तूच उगं डोक्यात घितीयास." आणि मंडपवाल्याकडे निघून गेला.

ठीक आहे, म्हटलं, आईलाच विचारू. मला त्या जागेतला तुकडा नको होता, खोली नको होती, भिंतीवर माझा फोटोही नको होता. एवढी वर्षं दुसऱ्याच्या नावावर चाललेलं तिचं आयुष्य तिने एकदा, एकदाच, चार लोकांसमोर आपल्या तोंडाने आपलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तिचं वय झालंय. ती गेली की हे सांगणारी मी एकटीच, आणि माझं ऐकणार कोण?

दुपारी ती कोठीमागच्या तिच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. मीही शेजारी बसून सोलायला लागले.

"आये, आज तू सांग सगळ्यास्नी."

"काय सांगू?"

"घोडी कुणाची हुती ते. त्या बाईला तू कशी बसवलीस ते."

"समद्यास्नी ठावं हाय."

"कुणाला ठावं हाय? तुला आन मला."

तिने हातातला गड्डा सोलून संपवला. मग पाकळ्या ताटात टाकत म्हणाली, "बगू."

आमच्या आईचं बगू म्हणजे बहुतेक वेळा हो असतं. नाही म्हणायचं असलं तर ती लगेच म्हणते. मला इतका आनंद झाला की मी उठून तिचं ते हिरवं लुगडं इस्त्री केलं. तिच्या पायाला तेल लावलं. वेणी घातली. उगाच बडबड करत होते. ती म्हणाली, "आज लय खूश दिसतीयास."

संध्याकाळी शेकोटी पेटली. पंचवीस-तीस पाहुणे असतील, खुर्च्यांवर, शाली पांघरून. भावाने माइक घेतला आणि शुद्ध मराठीत सुरुवात केली. माझे आजोबा, त्यांचा पांढरा अश्व, त्यांची या मातीशी असलेली नाळ. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. भजी तळायची होती, तेल तापत होतं. मी गॅस बारीक केला. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आजींना सांगू द्या ना! आजी, तुम्ही तर सगळं पाहिलंय."

भावाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माइक आईच्या हातात दिला.

आईने तो दोन्ही हातांनी धरला. घसा साफ केला. आणि म्हणाली, "आमी परतीला निगालो हुतो. आभाळ भरून आल्यालं. मोरणा नदी उतराय घितली आन अवचित पानी चडलं."

मी पदराला हात पुसले आणि एक पाऊल पुढे आले. आनंदाने. कारण ही गोष्ट मला माहीत होती. लहानपणी वेणी घालताना तिने ती मला कितीदा सांगितली होती. मी तेव्हा सहा महिन्यांची होते. घोडीच्या पाठीवर, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी, फडक्यात गुंडाळून बांधलेली. लोंढा आला तेव्हा घोडी नदीच्या मधोमध होती आणि भिऊन जागच्या जागी थांबली. गडीमाणसं अलीकडच्या काठावर मेंढ्या आवरत ओरडत होती. आई छातीएवढ्या पाण्यातून घोडीपर्यंत गेली, तिची मान धरली, कानाशी तोंड नेऊन तिच्याशी बोलत राहिली आणि एकेक पाऊल टाकायला लावून तिला पलीकडे काढलं. दोराने तिच्या तळहाताची सालटी निघाली होती. पिठाच्या डब्याची गोष्ट तिने सांगितली असती तरी मला चाललं असतं. पण तिने ही निवडली. सगळ्यांत मोठी. मी दाराची चौकट धरून उभी होते.

"घोडी मदीच हुबी ऱ्हायली," आई म्हणाली. "पुढं जाईना, मागं येईना. गडीमानसं काठावर नुसती वरडत्यात." ती थांबली. शेकोटीकडे बघत राहिली. "तवा आमचं मामंजी पान्यात उतरलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मामंजी म्हणजे सासरे. आजोबा.

"छातीएवडं पानी. घोडीच्या कानाशी त्वांड न्हिलं आन म्हनाय लागलं, चल बया, चल माजी आय, कवाधरनं वझं व्हायलंस, आजच्या दिस चल. तसं घोडीनं पाय उचलला." अगदी तेच शब्द. तीच घोडी, तोच दोर, तळहाताची सालटीसुद्धा. सगळं तिने एकेक उचलून आजोबांच्या अंगावर घातलं. भावाला इतकी वर्षं जमली नाही अशी गोष्ट ती सांगत होती. पाहुण्यांत एकही माणूस हलत नव्हता.

"आन घोडीच्या पाठीवर काय हुतं ठावं हाय?" आईने विचारलं. "तानं प्वार. सा म्हैन्याचं."

"अगंबाई!" ती पुढची बाई म्हणाली. "कोण हो, आजी?"

"ह्यो," आई म्हणाली आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला.

भाऊ त्या पुरानंतर चार-पाच वर्षांनी जन्मला. तोही एकदम चपापला, मी पाहिलं. पण तो हॉटेलचं शिकलेला माणूस. त्याने वाकून आईच्या पायांना हात लावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी डोळे पुसले. मी आत जाऊन गॅस मोठा केला आणि भजी सोडली. पहिला घाणा करपवला, तो कोंबड्यांना टाकला.

सगळे जेवायला बसल्यावर मी तिच्या खोलीत गेले. ती खाटेवर बसून गळ्यातली माळ काढत होती. आकडा निघत नव्हता, तो मी काढला.

"आये, आजोबास्नी पवता येत न्हवतं."

"न्हवतं येत."

"त्या डालग्यापाशी मी हुते."

"तूच हुतीस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, मीठ कुठे आहे सांगावं तसा. "माज्या ध्यानात न्हाई व्हय? रडली बी न्हाईस."

"मग?" माझा आवाज चढला. "मग मला कशाला काडलंस त्यातनं? आजोबांचं सोड. मला का?"

तिने माळ उशाखाली ठेवली. "तू परवाच्या गाडीनं जाशील. तुजं तुला घर हाय. मला हितं ऱ्हायचं हाय, त्येच्या हातचं खायाचं हाय. त्यो वाचला म्हनलं तर उंद्या मला बगंल. तू वाचलीस म्हनून काय व्हतंय?" मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "का तुज्याकडं यिऊन ऱ्हाऊ? सांग."

माझ्या घरात आतली एक खोली आहे, तीत सासू असते. आणि आमच्याकडे आई लेकीच्या दारात राहायला जात नाही, जाऊ देत नाहीत. तिला हे सगळं ठाऊक होतं. तिने माझ्या उत्तराची वाटही बघितली नाही. पांघरूण ओढून म्हणाली, "भजी राहिली आसतील तर एकांदं आन."

मी आणून दिलं. तिने ते खाल्लं. मला तिचा राग आला होता आणि तिच्या पायापाशी बसून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. ताटली घेऊन बाहेर आले.

सकाळी मी पोहे वाढत होते. ती पुढच्या रांगेतली बाई बशी पुढे करत म्हणाली, "किती भाग्यवान हो तुमचे मालक! एवढ्या पुरातून वाचले, म्हणून आज हे सगळं उभं आहे." आई दारापाशी हिरवं लुगडं नेसून खुर्चीवर बसली होती. तिचं लक्ष आमच्याकडेच होतं.

"व्हय," मी म्हटलं, "लय नशिबाचे." आणि तिच्या बशीत आणखी एक पळी पोहे घातले.